पाटाचा दिवस सहाला सुरू होतो

बावीस वर्षांच्या नोकरीत मी कामाच्या वहीत एकदाही रबर वापरला नव्हता. पाटबंधारे खात्याचा नियम असा, की आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. चुकलेला आकडासुद्धा वाचता आला पाहिजे. मी कालवा निरीक्षक होतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेजवळची एक चारी माझ्याकडे होती. मोठ्या कालव्यातून फुटणाऱ्या लहान पाटाला आमच्याकडे चारी म्हणतात. तिच्यावर कुणाला, कोणत्या वारी, किती तास पाणी द्यायचं ते ठरवायचं आणि दिलेलं पाणी लिहायचं, एवढं माझं काम.

अशा माणसाच्या हातात एका उन्हाळ्यात त्याच्याच मुलीने रबर दिला आणि रोज संध्याकाळी पान पुसायला लावलं. ती हकीकत लिहून ठेवतो आहे. त्यात माझी एक चूक आहे. तीही खात्याच्या नियमाप्रमाणे, वाचता येईल अशी ठेवली आहे.

नव्वद साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. मुलगी बारावी झाली. तिने डी.एड. करावं असं माझं मत होतं. तिला बारामतीत एका खाजगी संस्थेत कॉम्प्युटरचा एक वर्षाचा डिप्लोमा करायचा होता. आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी मी म्हणालो, "एक वर्ष देतो. सर्टिफिकेट हातात आलं तर पुढचं तू ठरव. नाही आलं तर डी.एड.चा फॉर्म भरायचा, आणि मग कुरकुर नाही."

"लिहून द्या," ती म्हणाली.

मी फुलस्केप कागदावर दोन कलमं लिहिली. खाली दोघांच्या सह्या झाल्या. तिची आई म्हणाली, "बापलेकीचा करारनामा! स्टँप पेपर नको का आणायला?" कागद मी माझ्या डायरीत ठेवला.

मुलगी रोज सकाळच्या एसटीने बारामतीला जायची. संस्थेत आठ मशिनी आणि चाळीस मुलं होती, त्यामुळे एकाच्या वाट्याला दिवसाला एक तास यायचा. घरी कॉम्प्युटर असण्याचा प्रश्नच नव्हता. बाकीचं सगळं वहीत.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने एक प्रोजेक्ट करून दाखवायचा असतो. बाकीच्या मुलांनी पगारपत्रक, ग्रंथालय, मेडिकल दुकान असले विषय घेतले. हिने सरांना सांगितलं, "मी खेळ करणार."

संस्थेच्या एका मशिनवर कुणीतरी फ्लॉपीतून आणलेला साहसाचा एक खेळ होता. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. तुम्ही गुहेत आहात, उत्तरेला वाट आहे, काय करता? चुकलं की माणूस मरायचा आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. तो खेळताना हिच्या मनात एक गोष्ट आली, ती तिने मला जेवताना सांगितली.

"आप्पा, मेल्यावर सगळं परत पहिल्यासारखं होतं. पण खेळणाऱ्याला आठवतं ना, मागच्या वेळी काय झालं ते. मग तीच गोष्ट केली तर? एकच दिवस. तो संपला की परत तोच दिवस. कुणाला काही आठवत नाही, फक्त खेळणाऱ्याला आठवतं."

"आणि त्या एका दिवसात करायचं काय?"

"चारीच्या टेलला पाणी पोचवायचं."

टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक. तिथे पाणी पोचवायचं म्हणजे काय असतं, हे आमच्या घरात लहानपणापासून तिने ऐकलेलं होतं. मी भाकरी तशीच हातात धरून राहिलो.

सरांनी परवानगी दिली, पण अट घातली. बाहेरून येणारे परीक्षक खेळ स्वतः खेळतील. अर्ध्या तासात त्यांच्याकडून खेळ पूर्ण झाला तर प्रोजेक्ट पूर्ण. नाही झाला तर 'अपूर्ण' असा शेरा. आणि अपूर्ण प्रोजेक्टला सर्टिफिकेट नाही. माझ्या डायरीतलं दुसरं कलम मला तेव्हाच आठवलं. तिलाही आठवलं असणार.

मशिनवर एक तास आणि घरी तेवीस, असा हिशेब असल्यामुळे खेळ आधी कागदावर करायचा ठरला, आणि कॉम्प्युटर झालो मी. आमच्या पाणीवाटपाच्या रजिस्टरासारखं एक मोठं पान आखलं. कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी काय असतं, ते रकान्यात लिहिलं. सकाळी सहाला साखर कारखान्याचा भोंगा होतो आणि दिवस सुरू. भोंगा तिच्या आजोबांचा. माझे वडील ह्याच कालव्यावर बिगारी होते, त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. त्यांचा सगळा दिवस भोंग्यावर चालायचा. चारीच्या तोंडाला लोखंडी दार, त्याला कुलूप. चावी पाटकऱ्याकडे. दाराची राखण करणारा तो पाटकरी. खेळातला पाटकरी उशिरा उठतो, त्याने सहाचं गेज, म्हणजे पाण्याच्या उंचीचा आकडा, वाचलेलाच नसतो. दुपारी बाराला तो चहाच्या टपरीवर येतो. जो त्याला सकाळचा आकडा सांगेल, त्याला तो चावी देतो. पुढे पुलाखालच्या नळीत म्हैस बसलेली असते. त्याच्याही पुढे कुणीतरी दगड आणि बारदान टाकून चारी अडवलेली असते. ह्यातलं एकही खेळणाऱ्याला आधी माहीत नसतं. प्रत्येक गोष्ट एकदा हुकल्यावर कळते, आणि मग भोंगा होतो.

आता प्रश्न असा होता, की भोंगा झाल्यावर काय परत जागेवर जायचं आणि काय राहायचं. पहिल्या दोन संध्याकाळी आमचा नुसता गोंधळ झाला. कालची चावी आज खिशात निघायची. उठवलेली म्हैस उठलेलीच राहायची. तेव्हा मी पद्धत बसवली. जे परत जागेवर जाणार ते पेन्सिलीने लिहायचं: चावी, दार, म्हैस, माणसं, पाणी. आणि खेळणाऱ्याला जे कळलं ते शाईने, शेवटच्या रकान्यात. भोंगा झाला की पेन्सिल पुसायची, शाई राहील.

"पण तुम्ही रबर वापरत नाही," मुलगी म्हणाली.

"हे सरकारी नाही," मी म्हणालो. तरी पहिल्यांदा पान पुसताना हात अडला, हे खरं.

खेळ न माहीत असलेला माणूस हवा म्हणून तिच्या आईला समोर बसवलं.

"मी खुंटीवरची चावी घेते," आई म्हणाली.

"चावी खुंटीवर नाही."

"मग कुठं हाय?"

"ते खेळ सांगत नाही."

"खेळ न्हाय सांगत, पण तुमी तर समोरच बसलाय की!"

"मी आत्ता कॉम्प्युटर आहे."

"मिशीवाला कॉम्प्युटर पहिल्यांदाच बघितला."

मुलगी हसून लोळायची बाकी होती. पण त्याच खेळात आईने एक प्रश्न विचारला, जो आम्हा दोघांना सुचला नव्हता. ती टपरीवर गेली, पाटकऱ्याला चहा पाजला, त्याच्याकडून चारी कुठे अडवली आहे ते काढून घेतलं. तेवढ्यात दिवस संपला. मी रबर उचलला.

"थांबा," ती म्हणाली. "चहा प्याला त्यो. तेबी पुसणार?"

मुलीने पेन्सिल तोंडात धरून बराच विचार केला. "चहा पुसायचा, आई. चहा पिऊन तो जे बोलला, ते नाही पुसायचं."

मी ते शाईने लिहिलं. सगळा खेळ ज्या एका नियमावर उभा राहिला, तो असा ठरला.

आईला पाणी पोचवायला सात दिवस लागले, म्हणजे सात वेळा भोंगा. मशिनवर एका दिवसाला चार मिनिटं धरली तर अठ्ठावीस मिनिटं होतात. अट तीस मिनिटांची. मी ते मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आईइतके हुशार परीक्षक आले तर बरं."

पाणी दारापासून टेलला पोचायला किती वेळ लागतो, हा आकडा तिने आधी चार तास धरला होता. मी विचारलं, "कशावरून?" म्हणाली, "अंदाजाने." मी म्हणालो, "अंदाज चालणार नाही. रविवारी पाणी सुटणार आहे. चालून बघ."

त्या रविवारी सकाळी सात वाजता आमच्या पाटकऱ्याने, म्हणजे खऱ्या पाटकऱ्याने, दार उचललं. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा माणूस. मी त्यांना आबा म्हणायचो, ते मला साहेब.

"जय भीम, साहेब. आज पोरगीबी हाय व्हय संगं?"

"जय भीम, आबा. पाण्याबरोबर चालणार आहे ती."

"पाण्यासंगं? आन् कशापायी?"

तिने खेळ समजावून सांगितला. त्यात पाटकरी उशिरा उठतो, हेही सांगून टाकलं. आबांनी दाराचं चाक धरूनच मान वळवली. "तीस वर्सं झाली, सहाचं गेज कदी चुकलं न्हाय माजं. आन् तुमी मला झोपाळू केला?"

"तुम्ही नाही हो, आबा. खेळातला दुसरा आहे."

"दुसरा म्हंजी आमच्यातलाच कुनीतरी की गं."

कोरड्या चारीत पाण्याचं तोंड किती सावकाश चालतं, हे फार कमी लोकांनी पाहिलेलं असतं. पुढे काडीकचरा, उसाचं पाचट आणि फेस, मागे पाणी. जमिनीच्या भेगा प्यायल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. आम्ही काठाने चालत होतो, तरी दर थोड्या वेळाने थांबून त्याची वाट पाहावी लागत होती. प्रत्येक किलोमीटरच्या दगडाशी मुलगी वेळ लिहायची. दुपारी बाभळीखाली भाकरी आणि ठेचा खाल्ला. साडेतेरा किलोमीटर. टेलला पाणी पोचलं तेव्हा आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. म्हणजे तेरा तास चाळीस मिनिटं. तिच्या टाचेला फोड आले होते. तिने चार तास खोडून तिथे तेरा-चाळीस लिहिलं; आडवी रेघ मारून, बाजूला सही करून. मी सांगितलं नव्हतं.

त्यावरून मी तिला त्याच मोठ्या पानावर तक्ता करून दिला. दार लवकरात लवकर साडेबाराला उघडतं, कारण चावीच बाराला मिळते. तिथून पुढे पाणी कोणत्या दगडाशी किती वाजता, टेलला किती वाजता. सगळ्या मिळून अठ्ठावन्न नोंदी. कागदावर आम्ही तो खेळ सहा-सात वेळा पूर्ण केला. पाणी दर वेळी पोचलं. मुलगी तुकड्यातुकड्याने तो मशिनवर चढवत होती. एका तासात एखादाच तुकडा तपासून व्हायचा. सगळा खेळ सलग चालवायला वेळ मिळाला तो परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी.

त्या दिवशी ती घरी आली आणि चप्पल न काढता पायरीवरच बसली. "पाणी पोचत नाही, आप्पा."

"म्हणजे?"

"सगळं बरोबर करतेय. आकडा सांगते, चावी घेते, दार उघडते, म्हैस उठवते, बारदान काढते. तरी भोंगा होतो. नऊ वेळा केलं."

"मग तुझंच काहीतरी चुकलं असेल," मी म्हणालो. हे वाक्य मी तेव्हा म्हणालो, ते इथे लिहिणं भाग आहे.

ती म्हणाली, "सर म्हणाले, तेरा तासांचे दहा कर. केलं. तर पोचलं. सर म्हणाले, तसंच ठेव, परीक्षक काय चारी मोजायला येणार आहेत का?"

ते खरंच होतं. कुणी मोजायला येणार नव्हतं. सोमवारी परीक्षा होती, आणि एक आकडा बदलला की वर्ष वाचत होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणालो असतो आणि सोमवारी खेळ अडला असता, तर ते वर्ष माझं जाणार नव्हतं, तिचं जाणार होतं. म्हणून मी नाही म्हणालो नाही. मी म्हणालो, "तू ठरव."

तिने टाचेवरच्या वाळलेल्या फोडावरून बोट फिरवलं. "चाललोय आपण," ती म्हणाली. "दहा खोटे आहेत. का पोचत नाही ते शोधू. आज मी कॉम्प्युटर होते, तुम्ही खेळा."

आजवर कागदावर कॉम्प्युटर मीच होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा जागा बदलल्या. ती मशिनमधून उतरवून आणलेले कागद घेऊन बसली, मी समोर. मी गेज वाचलं, आकडा सांगितला, चावी घेतली, साडेबाराला दार उघडलं. ती कागदावर बोट ठेवून वेळ पुढे नेत होती. म्हैस उठली, बारदान निघालं. नऊ, दहा, अकरा. मग तिने दोन्ही हात तोंडाशी धरून भोंगा वाजवला. "भों! दिवस संपला."

"संपला कसा? अजून सहा तास आहेत."

"बारा वाजले, आप्पा."

"वाजू देत. दिवस सहाला संपतो."

तिने कागदावरचं बोट उचललं. आमच्या खात्यात गेज सकाळी सहाला वाचतात. पाण्याचा दिवस सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा. माझ्या वहीत बावीस वर्षं तारीख सहालाच बदलत होती. साडेबाराला सुटलेलं पाणी टेलला रात्री दोन-दहाला पोचतं, आणि माझ्या हिशेबी ते त्याच दिवसाचं असतं. कागदावर मी कॉम्प्युटर असताना मी कधी बाराला थांबलोच नव्हतो. कॉम्प्युटर मात्र मध्यरात्रीपासून मिनिटं मोजत होता. दोन-दहा म्हणजे त्याच्या लेखी एकशे तिसावं मिनिट. आणि त्याचा दिवस सुरूच होत होता तीनशे साठाव्या मिनिटाला. एकशे तिसावं मिनिट त्या खेळात कधी येणारच नव्हतं.

"आप्पा, तुमच्या खात्याचा दिवस वेगळा असतो, हे मला एकदाही सांगितलं नाही!"

"सगळ्यांचाच असा असतो असं वाटलं."

"सगळ्यांचा?" आतून तिची आई ओरडली. "माजा न्हाय बाई तसला!"

चूक माझी होती. एरवी साधा आकडा कुणी चुकवला तर मी पान परत पाठवणारा माणूस. आणि साडेबारात तेरा-चाळीस मिळवले तर चोवीसच्या पुढे जातात, ही सलग बेरीज मी, दगडादगडाने वेळ पुढे नेताना, सगळ्या तक्त्यात एकदाही केली नव्हती. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "माझ्याही लक्षात यायला हवं होतं." आणि लगेच कागद ओढून बसली. तिला उपाय सुचला होता. दिवस मध्यरात्रीपासून मोजायचाच नाही. सहा वाजता शून्य, आणि तिथून चौदाशे चाळीस मिनिटं.

उपाय सोपा, काम मोठं. अठ्ठावन्न नोंदींपैकी एकेचाळीस मध्यरात्रीच्या आधीच्या, त्यांतून तीनशे साठ वजा करायचे. सतरा नंतरच्या, त्यांत एक हजार ऐंशी मिळवायचे. ते मी केलं. दोनदा केलं, आणि तिसऱ्यांदा उलट क्रमाने तपासलं. टेल आलं बाराशे दहा. दार उघडतं तीनशे नव्वदला, त्यात आठशे वीस मिनिटं मिळवली की बरोबर बाराशे दहा. ह्या वेळी बेरीज केली.

तिने सरांना दहा तासांचा आकडा काढून टाकते आहे, हे सांगितलं आणि कारणही सांगितलं. त्यांनी रविवारी संस्था दोन तास उघडून दिली. एवढं त्या माणसाचं मन मोठं होतं. मी बरोबर गेलो. चपला दाराबाहेर काढायच्या, आत एसी इतका गार की मी डोक्याला रुमाल बांधला. मी आकडा वाचायचो, ती टाइप करायची आणि परत वाचून दाखवायची. अठ्ठावन्न. मग तिने खेळ पहिल्यापासून चालवला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठीत ओळ उमटली: पाणी टेलला पोचलं, वेळ २.१०. तिने दोन फ्लॉप्यांवर तो उतरवला. एक तिच्या पर्समध्ये, एक माझ्या डायरीत, त्या कराराच्या कागदाजवळ.

"पोचल्यावर काहीतरी वाजव की," मी म्हणालो. "एवढं करून नुसती ओळ?"

"नाही. भोंगा होत नाही, हेच वाजणं."

मला ते पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तर अजिबातच पटलं नाही.

सोमवारी मी रजा टाकली. परीक्षक पुण्याहून आल्या होत्या, पन्नाशीच्या बाई, चष्मा गळ्यात अडकवलेला. मला आत जायची परवानगी नव्हती. काचेच्या दाराबाहेर बाकावर बसलो. पडदा दिसत नव्हता, पण मशिनचा भोंगा ऐकू येत होता. पहिला भोंगा अकरा वाजून पाच मिनिटांनी. मी डायरी काढली.

दुसरा अकरा-आठला. इतक्या लवकर म्हणजे बाई नुसत्या थांबून दिवस घालवत आहेत, हे मला कळलं. सगळे पहिल्यांदा तेच करतात. तिसरा अकरा-तेराला, चौथा सतराला, पाचवा एकविसाला, सहावा सव्वीसला. सातवा अकरा-तीसला. वेळ संपणार अकरा-पस्तीसला. आठवा भोंगा झाला तर त्यानंतर दिवस पुरा व्हायला मिनिटं उरत नव्हती.

अकरा-बत्तीस. अकरा-तेहेतीस. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होता, किक मारत होता, ती सुरू होत नव्हती. त्याला जाऊन धरावं असं वाटलं, कारण त्या आवाजात भोंगा झाला तर मला कळणार नव्हता. अकरा-चौतीस. काहीच नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाणी पोचलं, की बाई कंटाळून उठल्या? काहीतरी वाजव असं मी सांगितलं होतं, ते मनात चारदा म्हणालो. अकरा-पस्तीसला सरांनी दार उघडलं आणि मला हाताने बोलावलं.

बाई मुलीशी बोलत होत्या. "सातव्या वेळी मी सगळं बरोबर केलं, तरी रात्रीचे बारा वाजले. म्हटलं, आता दिवस संपणार. मी उठणारच होते. पण भोंगा झाला नाही, म्हणून बसले. हे चुकून झालंय, की मुद्दाम?"

"मुद्दाम, मॅडम. पाटाचा दिवस सहाला सुरू होतो. गेज सहाला वाचतात."

"आणि पाण्याला इतका वेळ?"

"तेरा तास चाळीस मिनिटं. चालून बघितलंय, मॅडम."

तिने हे उभं राहून, अजिबात न अडखळता सांगितलं. माझ्या साहेबांपुढे मी इतका सरळ कधी बोललो नव्हतो. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि सरांना म्हणाल्या, "पूर्ण." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही वडील का?" मी हो म्हणालो.

शंभरपैकी चौऱ्याऐंशी मिळाले. सोळा कशाचे गेले, हे विचारायला मी सरांकडे निघालो, तर मुलीने बाही धरून मला बाहेर आणलं. घरी आल्यावर मी कराराचा कागद काढला. दुसऱ्या कलमावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली. तिनेही केली. कलम अजून वाचता येतं. तिच्या आईने त्या दिवशी भिगवणची चिलापी मासळी केली होती, आणि शेजाऱ्यांना सांगत होती की पाणी पोचवायला तिला सातच दिवस लागले, पुण्याच्या बाईंना लागले तेवढेच.

दोन दिवसांनी चारीच्या दारावर आबा भेटले. मुलगी बरोबर होती.

"काय, साहेब? पोचलं का पोरीचं पानी?"

"पोचलं, आबा. दोन वाजून दहा मिनिटांनी."

"राच्चं?"

"हो."

आबांनी चाकावरचा हात काढला आणि डोक्यावरचा पटका सारखा केला. "मला झोपाळू केलासा, ते ऱ्हाऊ दे. पन मला सांग, पोरी, राच्च्या दोनला टेलला पानी आलं, तवा तितला मालक जागा व्हता का? का पानी आलं आन् वड्याला गेलं?"

मुलगी घराकडे वळली. वाटभर ती माझ्या पुढे दहा पावलं चालत होती. मला वाटलं, तिला वाईट वाटलं. घरात शिरल्यावर तिने ते मोठं पान फळीवरून काढलं. पुसून पुसून मधे इतकं पातळ झालं होतं, की उजेडात धरलं तर पलीकडचं दिसायचं. तिने ते जमिनीवर पसरलं आणि अठ्ठावन्नाच्या खाली एकोणसाठ आकडा घातला.

"आप्पा," ती म्हणाली, "टेलच्या मालकाला कुणी उठवायचं? पेन्सिल द्या."